देवाची वगार

सुगीच्या सणाचा आमच्या ख्रिस्ती मंडळीत नियम असा होता की शेतात, गोठ्यात, परसात जे काही निघालं असेल त्यातलं पहिलं आणि चांगलं देवाला आणायचं. पहिलं आणायला कुणाची ना नसे. चांगल्याच्या बाबतीत मात्र जो तो आपल्या मनाला विचारून आणायचा. किडकी वांगी, लाल भोपळे, ज्वारीची कणसं, पाय बांधलेल्या कोंबड्या असं सगळं वेदीपुढे मांडलं जाई. पाळकसाहेब प्रार्थना करत, आणि उपासना सुटली की बाहेर लिंबाखाली त्या सगळ्याचा हर्रास होई.

जालना जिल्हा नवा झाला त्या साली चतुराबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेनं सणाला म्हशीची वगार आणली. देवाला जनावर वाहणारं आमच्यात तोवर कुणी निघालं नव्हतं. लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. वगार चर्चच्या दारातच खाली बसली. तिची आई नुकतीच मेली होती, तिला स्वतःला हगवण लागली होती, आणि चतुराबाईचा विचार सरळ होता: मरायचीच आहे तर देवाच्या नावावर मरू दे.

त्या दिवशीचा उपदेश विश्वासू कारभाऱ्यावर होता. एक मालक दूरदेशी जातो, जाताना आपली मालमत्ता नोकरांच्या हवाली करतो. जे ती वाढवतात त्यांना तो परत आल्यावर शाबासकी देतो, नगरांवर अधिकारी नेमतो. जो भिऊन मातीत पुरून ठेवतो, त्याच्या हातात होतं तेवढंही जातं. पाळकसाहेब रंगात आले होते. देव आपला मालक, आपण सगळे त्याचे कारभारी, आपलं असं काहीच नाही, असं ते पुन्हापुन्हा सांगत होते, आणि ज्यांच्याकडे खरोखरच काही नव्हतं ते लक्ष देऊन ऐकत होते.

त्यांतच कडूबा खरात बसला होता. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. रखमाजी पाटलाकडे सालगडी होता, आणि पूर्णेच्या काठाला त्याची स्वतःची एक खडकाळ पट्टी होती. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून बापानं नाव कडूबा ठेवलं, मरणाला हा घास गोड लागू नये म्हणून. पुढं बापानं बाप्तिस्मा घेतला, पण नाव बदलायची जोखीम काही घेतली नाही.

हर्रासात भोपळे गेले, कोंबड्या गेल्या. वगारीची पाळी आली तेव्हा सगळे लिंबाच्या शेंड्याकडे बघायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, "बोला, देवाच्या वगारीला बोला." कुणी बोलेना. कडूबाच्या पायाला बराच वेळ बसून मुंग्या आल्या होत्या. पाय झटकायला तो उभा राहिला.

"कडूबा उभा राहिला!" पाळकसाहेब गहिवरून म्हणाले. "देवाची स्तुती असो!"

"साहेब, मी नुसतं पाय..."

"घेऊ नको रे, नुसती सांभाळ. ही देवाची ठेव आहे. पुढच्या महिन्यात मी येतो आणि काय ते ठरवतो."

पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांची बदली नगरकडे झाली.

कडूबानं वगार खांद्यावर टाकून घरी नेली. त्याची बायको गिरिजाबाई दारात बसून भाकरीचं पीठ चाळत होती. हिचं तोंड वस्तीत प्रसिद्ध होतं. नवऱ्याला ती इतर बायांसारखंच कारभारी म्हणायची, पण त्या दिवसापासून त्या शब्दाला धार आली.

"ह्ये काय आणलं, कारभारी?"

"देवाची ठेव हाय."

"देवाला दुसरं घर न्हाई घावलं?"

तरी रात्रभर वगारीला कोरा चहा आणि डाळिंबाची साल उकळून पाजली ती तिनंच. शेजारच्या शेळीचं दूध फडक्यानं तिच्या तोंडात पिळलं. वगार जगली. याचं सगळ्यांत जास्त नवल चतुराबाईला वाटलं. ती येऊन बघून गेली आणि म्हणाली, "अशी जगणार व्हती तर मीच ठिवली असती." पण देवाला दिलेलं परत मागायचं तिला धाडस झालं नाही.

कडूबाच्या घरी एक स्वतःची म्हैस होती. देवाची वगार त्यानं तिच्यापासून वेगळी बांधली, वेगळ्या गव्हाणीवर. आपल्या म्हशीचा कडबा आपला आणि देवाच्या वगारीचा कडबाही आपलाच, पण वैरण टाकताना तो आधी देवाच्या गव्हाणीत टाकायचा. रखमाजी पाटील येताजाता थांबायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा.

"कडूबा, तुझा मालक कव्हा यिणार रे?"

"सांगून न्हाई गेला, पाटील."

"मंग तोवर?"

"तोवर सांभाळायचं."

चारेक वर्षांत वगारीची म्हैस झाली आणि व्याली. आता खरा पेच पडला. वगार देवाची होती हे कबूल, पण दूध कुणाचं? कडूबाला हा प्रश्न खराच अवघड वाटत होता. पहिल्या चिकाचा खरवस त्यानं नव्या पाळकसाहेबांकडे नेला. त्यांनी प्रार्थना करून तो मनापासून खाल्ला, पण रोजच्या दुधाबद्दल त्यांचं मत पडलं नाही. ते म्हणाले, सेक्रेटरींना विचार.

मंडळीचे सेक्रेटरी काकासाहेब जाफराबादेला राहत. शाळेत मास्तर होते, मंडळीच्या सगळ्या बैठका त्यांच्याच ओसरीवर होत. कडूबा एसटीनं जाऊन त्यांच्या दारात उभा राहिला.

"सलाम, साहेब. देवाची म्हैस व्याली."

काकासाहेबांना कसली म्हैस ते आधी आठवेना. आठवल्यावर ते म्हणाले, "अरे वा. चांगलं आहे की."

"दुधाचं काय करू?"

"सध्या बैठक न्हाई कडूबा. तुझ्या मनाला जे बराबर वाटंल ते कर."

हे वाक्य काकासाहेब पुढं पार विसरून गेले. कडूबानं मात्र ते जपून ठेवलं. परत येताना एसटीत त्यानं विचार केला असणार, कारण घरी उतरला तो निर्णय घेऊनच. देवाचं दूध देवाच्या माणसांना द्यायचं. ज्या बाळंतिणीला दूध येत नाही तिच्या लेकराला, जो म्हातारा भाकरी चावू शकत नाही त्याला, जो दवाखान्यातून घरी आला त्याला. जात विचारायची नाही, कारण मालकानं तशी काही सूचना दिलेली नव्हती.

आमची वस्ती गावाच्या बाहेर होती. गावातली पुष्कळ घरं कडूबाच्या हातचं पाणी घेत नसत. पण रखमाजी पाटलाच्या सुनेला दूध आलं नाही आणि नातू रडून रडून काळानिळा पडला, तेव्हा पाटलीणबाईंनी शास्त्र शोधून काढलं: पाणी कडूबाचं, पण दूध तर देवाचं. त्या दिवसापासून देवाच्या दुधाचा तांब्या गावातल्या कोणत्याही दारातून आत जाऊ लागला. कडूबा बाहेर थांबायचा. रिकामा तांब्या उंबऱ्यावर ठेवला जायचा, तो उचलून घेऊन यायचा.

त्याला याचं काही वाटत नव्हतं का, असं मी एकदा गिरिजाबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यास्नी वाटत नव्हतं. माझ्या वाटणीचं अन् त्यांच्या वाटणीचं मलाच वाटायचं."

सगळ्यांत जास्त वाटलं ते उमामुळे. उमा त्यांची एकुलती एक लेक. घरची म्हैस आटली की तिला कोरा चहा, आणि समोर देवाच्या दुधाची चरवी भरलेली. गिरिजाबाई कारभाऱ्याची पाठ वळली की पोरीला त्यातलं वाटीभर पाजायच्या आणि चरवी पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. कडूबा बोलायचा कमी, पण दुधाची रेघ ओळखायचा.

"चरवीतलं कमी झालं," तो एका सकाळी म्हणाला.

"झालं. मी दिलं पोरीला." गिरिजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पाटलाचा नातू देवाचा, अन् माझं लेकरू काय सैतानाचं हाय?"

कडूबा पाटलाच्या शेतावर निघून गेला. दिवसभर त्यानं वखराच्या पाळ्या घातल्या. संध्याकाळी येऊन बायकोसमोर बसला.

"तू म्हणती ते बराबर हाय," तो म्हणाला. "उमाबी देवाचीच हाय. पण चोरून न्हाई द्यायचं. तिचा नंबर लावू. शेजारच्या गंगूबाईच्या म्हाताऱ्याचं झालं की तिचं."

त्या रात्री गिरिजाबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र उमाला रोज नंबरानं दूध मिळू लागलं, आणि गंगूबाईचा म्हातारा जरा कमी पिऊ लागला, असं गिरिजाबाईच सांगायच्या. तांब्या त्याच भरत होत्या.

देवाची म्हैस दर दीड-दोन वर्षांनी व्यायची आणि बहुतेक वेळा वगारच व्हायची, क्वचित एखादा हल्या, म्हणजे रेडा. कडूबाची स्वतःची म्हैस एका उन्हाळ्यात फऱ्या रोगानं मेली. रोग दोन्ही गव्हाणींना जवळ होता, पण गेली ती त्याचीच. पुढं पाऊस दडी मारून बसला त्या साली कडबा मिळेनासा झाला. कडूबानं आपला एकुलता बैल विकून जाफराबादच्या बाजारातून देवाच्या म्हशींना कडबा आणला. गिरिजाबाईंनी कडब्याच्या गाडीकडे बघितलं, रिकाम्या खुंट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता नांगराला देवाला जुंपा." मग गाडी उतरवायला हात लावला.

गावात त्याला खुळा म्हणणारे पुष्कळ होते. आमच्या मंडळीतही होते. पाळक येत, दोन-तीन वर्षं राहत, बदलून जात. प्रत्येकजण एकदा तरी विश्वासू कारभाऱ्यावर उपदेश करी आणि आपला वेळ, आपली बुद्धी, आपलं शरीर ही देवाची ठेव आहे असं समजावून सांगे. एकदा कडूबानं उपासनेनंतर विचारलं, "अन् म्हशी?"

"म्हशी हे उदाहरण झालं," पाळक म्हणाले.

"न्हाई साहेब, माझ्याकडं खरंच म्हशी हायेत."

पाळकांना वाटलं, साधा माणूस आहे, त्याला रूपक कळलं नाही.

अशी बावीस-तेवीस वर्षं गेली. उमाचं लग्न झालं, जावई अंकुशनगरच्या साखर कारखान्यात कामाला होता. कडूबाची दाढी पांढरी झाली. गोठ्यात आता म्हशींची रांग उभी होती, काळ्याभोर, तुकतुकीत, आणि तिच्याशेजारी कडूबाच्या झोपडीचं छप्पर एका बाजूला बसलेलं.

त्याच सुमारास मंडळीनं चर्चला मोठी कमान असलेलं फाटक बांधायचं ठरवलं. बैठकीत पैसा कुठून आणायचा हा प्रश्न निघाला तेव्हा कुणाला तरी देवाच्या म्हशी आठवल्या. काकासाहेब एव्हाना निवृत्त झाले होते, पण सेक्रेटरीपदावरून निवृत्त व्हायची पद्धत आमच्यात नाही. ते तिघा पंचांना घेऊन काळ्यापिवळ्या जीपनं आमच्या गावात उतरले.

त्यांना बघून कडूबाला फार आनंद झाला. त्यानं हात धुतले, घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "सलाम साहेब. आलात का? लई वाट बघितली."

मग तो त्यांना एकेका म्हशीपाशी घेऊन गेला. ही थोरलीची लेक, ही तिची धाकटी बहीण, ही नात, ही आडमुठी आहे पण दुधाला चांगली. इतक्या वर्षांनी मालकाकडून कुणीतरी बघायला आलं होतं.

काकासाहेबांनी सगळं बघून घेतलं आणि घोंगडीवर बसले.

"हल्ये कुठं गेले?"

"कडब्याच्या बदल्यात गेले, साहेब."

"अन् दूध? इतक्या वर्षांचं दूध कुठं गेलं?"

"पोटात गेलं."

"कुणाच्या?"

"ज्याला लागलं त्याच्या."

"परवानगी कुणाची होती?"

"तुमचीच, साहेब. तुम्ही म्हणलेत, मनाला बराबर वाटंल ते कर."

"मी असं कधीच म्हणणार न्हाई," काकासाहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते; त्यांना आठवत नव्हतं. एक पंच म्हणाला, "ठेव वाढवायची असती कडूबा, वाटायची नसती."

गर्दी जमली होती. रखमाजी पाटील काठी टेकत पुढं आला. "साहेब," तो म्हणाला, "माझा नातू ह्याच दुधावर वाढला. आता पोलीसभरतीला पळून राह्यला. दूध माघारी पाहिजे असंल तर पोरगं घिऊन जा, दुसरा इलाज न्हाई."

लोक हसले. पंच हसले नाहीत. म्हशी चर्चच्या आवारात न्यायच्या आणि बाजाराच्या दिवशी विकायच्या, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

गिरिजाबाईंनी पदर खोचला. त्या गोठ्यात शिरल्या आणि एकेका म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडायला लागल्या.

"दावी राहू द्या, बाई," पंच म्हणाला.

"दावी आमची हायेत. म्हशी तुमच्या. न्या."

मोकळ्या म्हशी हाकत पंच मंडळी गावातून निघाली. एक म्हैस पूर्णेच्या डोहात जाऊन बसली, तिला बाहेर काढायला अर्धा दिवस गेला. जीपवाला कधीच निघून गेला होता. काकासाहेबांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं, आणि नदीकाठी उभ्या असलेल्या पोरांना त्या दिवशी शाळेत जायची गरज वाटली नाही.

चर्चच्या आवारात म्हशी बांधल्या, आणि त्यांनी पान्हा चोरला. पंचांनी आळीपाळीनं बसून बघितलं, सरकीची ढेप चारली, रेडकं लावून बघितली. दूध उतरेना. तरुण पाळक मोठ्या उत्साहानं बसले, त्यांना लाथ बसली, रविवारी त्यांनी बसूनच उपदेश केला. विकत घ्यायला व्यापारी आले. त्यांनी सड ओढून बघितले, एकमेकांकडे बघितलं आणि म्हणाले, "आटल्यात." काहीजण खाटकाच्या दरानं मागायला लागले. इकडं म्हशींना खायला रोज लागत होतं, आणि ते आता मंडळीच्या खर्चानं लागत होतं.

शेवटी पाळक लंगडत कडूबाच्या घरी आले.

"बाबा, चला," एवढंच म्हणाले.

कडूबा तसाच उठला. गिरिजाबाई म्हणाल्या, "जाऊ नका. त्यांची ठेव हाय, त्यांनी पिळावी." कडूबा दारात थांबला. "म्हशींची कास दुखत आसंल गं," तो म्हणाला. गिरिजाबाईंनी चरवी उचलली आणि त्याच्या पुढं चालू लागल्या.

त्या संध्याकाळी चर्चच्या आवारात बादल्या कमी पडल्या. काकासाहेब उभे राहून बघत होते. म्हशी विकायचा विचार पंचांनी तिथल्या तिथं सोडला. फाटक आज होईल, उद्या होईल, पण दूध रोजचं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.

पुढच्या सुगीच्या सणाला कडूबाचा सत्कार झाला. वेदीपुढे खुर्ची ठेवून त्याला बसवलं, शाल घातली. पाळकांनी त्या मालकाची आणि नोकरांची गोष्ट पुन्हा सांगितली. मग काकासाहेबांनी जाहीर केलं की मंडळी आता आणखी म्हशी आणि दोन जर्सी गाई घेणार आहे. आमचा कडूबा थोडक्यावर विश्वासू ठरला, म्हणून आजपासून या सगळ्या जनावरांवर त्याची नेमणूक करण्यात येत आहे. पगाराचा विषय पुढच्या बैठकीत येईल. टाळ्या झाल्या.

बायांच्या बाजूनं गिरिजाबाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, एक इचारू? म्हंजी बक्षीस म्हणून अजून काम?"

चर्चमध्ये हशा पिकला. पाळक थोडे गोंधळले, मग म्हणाले, "गिरिजाबाई, शास्त्रात तसंच आहे." आम्हाला वाटलं, वेळ मारून नेली. घरी येऊन बायबल उघडलं तर खरोखरच तसंच होतं. विश्वासू नोकरांपैकी एकालाही मालकानं बस, आता आराम कर, असं म्हटलेलं नाही.

परत जाताना मी त्या दोघांच्या मागंच होतो. गिरिजाबाई रस्ताभर बोलत होत्या. शाल बायकोच्या खांद्यावर टाकून कडूबा चालत होता. एका जागी तो थांबला.

"गिरिजा, तू सांग," तो म्हणाला, "आपण मेलो अन् तिथं गेलो. अन् देव म्हणला, कडूबा, बस आता, काय करू नको. मी काय करू तिथं? मला बसता येतं का?"

"न्हाई येत."

"मंग?"

गिरिजाबाईंनी खांद्यावरची शाल नीट केली. "पण जर्सी गाय मी न्हाई पिळणार," त्या म्हणाल्या. "त्या पंचांनी पिळाव्या."

कडूबानं आणखी पाच वर्षं चर्चचा गोठा सांभाळला. दुधाचा निम्मा वाटा डेअरीला जाऊ लागला, त्यातून फाटक झालं. निम्मं नंबरानं वाटायचं, एवढी एकच अट त्यानं घातली होती, आणि त्याच्याशिवाय म्हशी दूध देत नसल्यामुळे ती मान्य करावी लागली. पगाराचा विषय अजून पुढच्या बैठकीत येणार होता तेव्हा, एका थंडीत, त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला. प्रेताबरोबर सगळा गाव चालला. रखमाजीच्या नातवानं, जो आता पोलीस झाला होता, खांदा दिला. ज्या दारांबाहेर कडूबा उभा राहायचा त्या दारांतून बाया बाहेर येऊन उभ्या होत्या.

माती झाल्यावर पाळक गिरिजाबाईंना धीर द्यायला म्हणाले, "बाई, रडू नका. आज मालकानं त्यांना नगरांवर अधिकारी नेमलं असंल."

"नेमू द्या," गिरिजाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला काळजी एकच वाटून राह्यली साहेब. त्यास्नी माणसं सांभाळता येत न्हाईत, जनावरंच येतात. तिथं म्हशी हायेत का न्हाई, ह्ये तुमच्या पुस्तकात कुठं लिव्हलंय?"

पाळकांना ते सापडलं नाही. तेरावं-चौदावं असलं आमच्यात काही नसतं. थोड्या दिवसांनी उमा येऊन आईला अंकुशनगरला घेऊन गेली. मी मागच्या वर्षी तिकडं गेलो होतो तेव्हा भेटून आलो. म्हातारी बरी आहे. कारखान्याच्या खोल्यांत राहते. तिथं सकाळी पिशवीतलं दूध येतं. त्याचा चहा ती पिते, पण प्रत्येक घोटाला नावं ठेवून पिते.